पत्र्यावरची माणसं

आमच्या दुकानात किस्से साठतात, त्याला आमचा इलाज नाही. दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, वस्तू घेतं, निघून जातं. आमच्याकडे येणारा माणूस आधी स्टुलावर बसतो, मग रडतो, मग पाणी पितो, मग गेलेल्या माणसाची अख्खी जन्मकथा सांगतो आणि उठताना विचारतो, "मग कधी मिळेल?" वस्तू तो घेऊन जातो, कथा आमच्याकडे राहते. घरी जाऊन सांगावं तर बायको म्हणते, "जेवताना मेलेल्यांचं काही काढू नका." मग सांगायचं कोणाला? आज तुम्ही सापडलात!

दुकान सुरतेत, बमरोलीला आहे. वरच्या मजल्यावर लूम्स, खाली आम्ही. दिवसभर डोक्यावर खटखट चालू. शेजारून पांडेसऱ्याच्या डाइंगवाल्यांचं रंगीत पाणी वाहतं. आज हिरवं, उद्या जांभळं. आम्ही तिघं जण. झिप्रू आबा तांब्याच्या पत्र्यावर चेहरा खोदतात. मी त्या पत्र्यावरून कागदावर ठसे काढतो आणि काउंटर सांभाळतो. संगीता फ्रेमा बनवते, काच कापते आणि आम्हाला दोघांना बोलते.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. प्रिंटिंग मिलमध्ये तांब्याच्या रोलरवर साड्यांची डिझाइनं खोदायचे. मग मिलमध्ये नवी मशिनं आली, रोलर भंगारात गेले आणि आबा घरी. त्यांच्या खात्यातला एक मुकादम वारला, तेव्हा आबांनी सहज म्हणून त्याचा चेहरा एका पत्र्यावर खोदला, त्यावर शाई चोळून ठसे काढले आणि सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना वाटले. तिथून हा धंदा सुरू झाला. आता सुरतेतली खानदेशी माणसं गंधमुक्तीला भांडं वाटतात तसा ठसा वाटतात. एक भाऊ उधन्याला, एक बारडोलीच्या साखर कारखान्यात, एक गावी. बाप एकच, पण चेहरा सगळ्यांच्या भिंतीवर सारखा पाहिजे. फ्लेक्स उन्हात पांढरा पडतो, मोबाइल बदलला की फोटो जातात. रेघ कुठं जात नाही.

हे झालं दुकानाचं. आता आबांचं. आबांना काचबिंदू आहे. कडेचं दिसणं कधीच गेलं, मधलं राहिलंय, तेही हळूहळू चाललंय. डोळे जायच्या आधी त्यांना एकच पत्रा करायचाय, आपल्या बायकोचा. जिजीचा. आणि जिजी काही केल्या बसत नाही. आजवर आबांनी खोदलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मेलेला, त्यामुळे तिचं एकच उत्तर ठरलेलं, "मी आजून जित्ती शे!"

* * *

तिचंही चुकत नाही म्हणा. आमच्या भागात कोणी वारलं की लोक 'वारला' म्हणत नाहीत, 'पत्र्यावर गेला' म्हणतात! एखाद्याला बरं नसलं की पानवाला विचारतो, "काय, पत्र्यावर जातो की काय?" आमच्या धंद्यानं भाषेला एवढीच देणगी दिली.

एका रिटायर झालेल्या जॉबरला, म्हणजे लूमवरच्या मुकादमाला, मात्र जिवंतपणी पत्र्यावर जायची हौस आली. नाव सांगत नाही, आपण त्याला नाना म्हणू. नाना म्हणाला, "मेल्यावर पोरं कसला फोटो देतील भरोसा नाही. मी आत्ताच पसंत करतो." आबांनी जीव ओतून काम केलं. मिशी तर अशी निघाली, की संगीता म्हणाली, "हिला वेगळी फ्रेम करू."

नाना न्यायला येईपर्यंत मी तो ठसा शोकेसमध्ये लावला. चूक माझीच. नानाच्या गावचा कोणी माणूस रस्त्यानं गेला, त्यानं काचेत नाना बघितला आणि गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी भुसावळ पॅसेंजरनं नानाची बहीण, दोन चुलत भाऊ आणि गावातली एक लांबची आत्या सुरतेत हजर. बहीण स्टेशनपासून रडत आलेली. दार वाजवलं तर नाना बनियनवर, तोंडात ब्रश!

सगळे जागच्या जागी उभे. चुलत भावानं आणलेला हार पाठीमागे लपवला. बहिणीनं नानाला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळे पुसले, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आते उनीच शे ते रडी लेस. परत सुट्टी कोन दी माले!"

आणि आलीच होती म्हणून रडली हो. चांगली पोटभर रडली. नाना ब्रश हातात धरून तिला पाणी देत होता.

बऱ्याच महिन्यांनी ही गोष्ट आबांनी घरी जिजीला सांगितली, म्हणजे बघ, जिवंत माणूसही पत्र्यावर जातो आणि काही होत नाही. जिजीनं शांतपणे विचारलं, "मंग नाना आते कथा शे?" आता नाना कुठे असणार, तो त्या पावसाळ्यातच गेला होता. आबांना ते आठवलं नव्हतं.

* * *

आमच्या कामाची एक मोठी अडचण अशी, की ठसा उलटा निघतो. पत्र्यावर डावीकडे जे आहे ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून आबा फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून चेहरा गिरवतात, मग तो पेपर पालथा करून पत्र्यावर लावतात आणि उलटा चेहरा खोदतात. कागदावर तो सुलटा येतो. ऐकायला सोपं वाटतं.

पण नवीन होते तेव्हा आबा एकदा चुकले. रोलरवर आयुष्य गेलेलं. साडीवरचं फूल उलटं निघालं तर कोणाला कळतं? एका म्हातारीचा चेहरा त्यांनी सरळ खोदला. मी ठसे काढले, संगीतानं फ्रेमा केल्या, कोणाच्याच लक्षात आलं नाही. मुलगा न्यायला आला, बघितलं आणि मटकन खाली बसला.

"ओ आबा, आमच्या मायचा पदर उजव्या खांद्यावर! आमची माय गुजरातण झाली!"

आता बोला! नवापूरकडची बाई, जन्मभर डाव्या खांद्यावर पदर घेतला, आणि सुरतेनं मेल्यावर तिचा खांदा बदलला. मुलगा संतापलेला, आबा कानशिलं चोळतायत, मी फ्रेमा परत मागतोय. पण मुलासोबत त्याची बायको होती. ती इथलीच, गुजराती. ती फ्रेम काही सोडेना. कितीतरी वेळ बघत राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "रहेवा दो ने! जीवतां तो मारी एक वात न मानी. हवे मानी!"

जिवंतपणी सासूनं हिची एक गोष्ट ऐकली नव्हती. तो एक ठसा सून घरी घेऊन गेली. बाकीचे आबांनी नवा पत्रा खोदून दिले. त्या दिवसापासून आबा म्हणतात, "फुलाला डावा खांदा नसतो, माणसाला असतो." आणि त्यानंतर ते कधी चुकले नाहीत. ट्रेसिंग पालथं केलं का, हे ते स्वतःलाच दोनदा विचारायचे, मोठ्यानं.

* * *

लोक फोटो काय काय आणतात! रेशन कार्डाचा, कंपनीच्या पासचा, लग्नाच्या ग्रुप फोटोतला, ज्यात बाप दुसऱ्याच्या फेट्यामागे अर्धा लपलेला. "बाकीचा अर्धा तुम्ही काढा ना, आबा, सारखाच असेल." असंही ऐकलंय.

एका घरी बापाचा आयुष्यात एकच फोटो होता, तरुणपणी स्टुडिओत काढलेला, काळा गॉगल लावून. मुलं म्हणाली, गॉगल काढा, डोळे दाखवा. आबा म्हणाले, डोळे कुठून आणू? मग चारही पोरं दुकानात भांडायला लागली. एक म्हणे डोळे घारे होते. दुसरा म्हणे तपकिरी. मुलगी म्हणे बारीक होते, हसले की मिटायचे. थोरला म्हणे हसले कधी? माझ्यासमोर तर नाही हसले.

त्यांची आई कोपऱ्यात बसून चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "गॉगल राहू द्या. जन्मभर कधी नजरेला नजर दिली नाही. आता भिंतीवरून काय देणार!"

गॉगल राहिला. मला त्या दिवशी फार कंटाळा आला होता, कसला ते सांगता येणार नाही. शटर अर्धं ओढून मी तसाच बसून राहिलो.

* * *

"बाबांना जरा हसवा," हीपण एक नेहमीची मागणी. एका पोरीनं फारच गळ घातली. बाप तापट, फोटोत कपाळाला आठ्या. आबांनी ओठांच्या कोपऱ्यात एक रेघ जरा वर उचलली आणि आठ्या सोडून दिल्या. बस. पोरगी खूश झाली, ठसे घेऊन गेली.

घरी लावल्यावर तिच्या भाचरानं, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्याच नातवानं, बराच वेळ बघून जाहीर केलं, "ये दादा नहीं है। ये तो अच्छेवाले हैं!"

ती पोरगी परत आली. आम्हाला वाटलं, पैसे परत मागायला आली. तिनं अजून एक ठसा मागितला, स्वतःसाठी.

* * *

एक दिवस एक रेल्वेत कामाला असलेला मुलगा आला. बौद्ध घरातला. वडील वारले होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला ठसे पाहिजे होते. शांत मुलगा. फोटो स्वच्छ, वडील पांढऱ्या सदऱ्यात, चष्मा, मोकळं कपाळ.

आता आबांच्या हाताची एक सवय. इतकी वर्षं इतकी कपाळं खोदली, की कपाळ रिकामं दिसलं की हात आपोआप जातो. त्यांनी कपाळावर बारीकसा टिळा खोदून टाकला. त्यांना कळलंही नाही. मला ठसा काढल्यावर दिसलं, पण मीही काही बोललो नाही. मला वाटलं फोटोत असेल.

मुलानं ठसा हातात घेतला. आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "आबा, आमच्या बाबांनी जन्मभर जे पुसलं, ते तुम्ही मेल्यावर खोदलं?"

संगीतानं काच कापायची थांबवली. आबांनी पत्रा परत समोर ओढला. कागदावरचं खोडता येतं, तांब्यावरचं खोडता येत नाही. रेघ खरवडावी लागते आणि मग ती जागा गुळगुळीत लोखंडानं घोटत बसावं लागतं. आबा जेवायलासुद्धा उठले नाहीत. जिजी डबा घेऊन आली, बघून गेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते कपाळ घोटलं. मी नवा ठसा काढला. टिळा गेला होता, पण घोटलेली जागा शाई कमी धरते, त्यामुळे कपाळाचा मधला भाग बाकीच्यापेक्षा जरा उजळ निघाला. नीट बघणाऱ्याला दिसेल असा.

आबा मुलाला म्हणाले, "नवा पत्रा करून देतो. जरा वेळ लागेल. तुझ्याकडून काही घेणार नाही."

मुलानं ठसा उजेडात धरला, बोट त्या जागेवरून फिरवलं आणि म्हणाला, "राहू द्या, आबा. त्यांनीपण घासूनच काढलं होतं."

* * *

आमच्याकडे पत्र्यांचं एक कपाट आहे. ठसे सगळ्यांना मिळतात हो, पण मूळ पत्रा एकच. तो कोणाकडे राहणार यावरून भावाभावांत जी जुंपते, ती बापाच्या घरावरूनसुद्धा जुंपत नसेल. एकदा दोन भाऊ माझ्या काउंटरवर पत्रा दोन्ही बाजूंनी धरून ओढत होते. संगीता काच कापायचा हिरा घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "मधोमध रेघ मारून देऊ? कोणाला डावा डोळा पाहिजे ते सांगा!"

दोघांनी एकदम हात सोडले. पत्रा पडला तो माझ्या पायावर. असे भांडणाचे सगळे पत्रे शेवटी दुकानातच राहतात. त्या कपाटाची धूळ मी पुसतो. ओळखीचे चेहरे, सगळे उलटे. सकाळी सकाळी एवढ्या लोकांशी नजरानजर झाली की दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

* * *

डॉक्टरनं आबांना स्पष्ट सांगितलं तो दिवस मला आठवतो, कारण नेमका त्याच दिवशी लेझरवाला आला. आबा दवाखान्यातून आले, कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही म्हणतो. राहिलेलं किती दिवस राहील तेही सांगत नाही." संगीतानं चहा मागवला. चहा आणि लेझरवाला बरोबरच आले.

वराछाचा तरुण माणूस, चुणचुणीत. लेझरनं फोटो कोरायचं लहानसं मशीन विकायला घेऊन आलेला. म्हणाला, "काका, चा ठंडी थाय ए पहेलां फोटो तैयार!" आणि खरंच, त्यानं संगीताचा मोबाइलवर फोटो काढला, मशीनला दिला, बारीक धूर निघाला आणि लाकडाच्या तुकड्यावर संगीता उमटली. अगदी सुरेख. संगीतानं तुकडा उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "माझा दात पडलाय तोपण आलाय! आबांनी लपवला असता."

आबांनी तुकडा डोळ्याजवळ नेला, मान तिरकी केली, जेवढं दिसतंय तेवढ्यातून बघितलं. "चांगलं आहे," म्हणाले. "खरंच चांगलं आहे. आता माझ्या डोळ्यांचं काम नाही."

मला वाटलं संपलं. तेवढ्यात जिजी डबा घेऊन दारात आली. आबांना काय वाटलं कोण जाणे, त्या पोराला म्हणाले, "हिचा काढून दाखव. काढलास तर आज मशीन घेतो."

पोरगं लगेच मोबाइल घेऊन पुढे सरकलं, "बा, जरा आम जुओ ने!" जिजीनं पदर पुढे ओढून तोंड झाकलं आणि पदराच्या आतून आवाज आला, "तुनी मायना फोटू काढ!"

पोरगं गडबडलं. मशीन उचलून गेलं. चहा खरंच गरम होता.

तुम्ही म्हणाल, जिजीचा एखादा तरी फोटो असेलच. आहे, आधार कार्डावरचा. तो बघून ती स्वतः म्हणते, ही कोणती बाई? आबांनी त्यावरून चोरून पत्रा केला असता तर कोण अडवणार होतं? मी तसं एकदा सुचवलंही. आबा चिडले. "मेलेल्यांना विचारता येत नाही म्हणून आपण विचारत नाही. ही जिवंत आहे. तिनं हो म्हटलं पाहिजे."

* * *

त्यानंतर आबा जिजीला विचारायचेच बंद झाले. नवी कामं घेणंही त्यांनी बंद केलं. हातातली संपवत होते, तीही अशी, की मी वाचून दाखवल्यासारखं सांगायचो, "भुवई इथं संपते, आबा," आणि ते बोटानं रेघ चाचपून पुढे जायचे. मी गिऱ्हाइकांना परत पाठवत होतो. "आबांचे डोळे बिघडलेत," असं सांगितलं की माणसं मेलेल्याचं विसरून आबांसाठी हळहळायची, आणि जाता जाता विचारायची, "पण एवढं एक काम होणार नाही का?"

मग एक दिवस दुपारी जिजी आली. डबा नव्हता. हातात मेथीची जुडी आणि सूप. अंगावर ठेवणीतलं लुगडं, नाकात चमकी, कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू. स्टुलावर बसली, सूप मांडीवर घेतलं आणि मेथी निवडायला लागली. आबांकडे न बघता म्हणाली, "काढा आते. डोया शेतस तवलोंग काढी ल्या."

डोळे आहेत तोवर! आबा उठून तिच्यासमोर आले. संगीतानं त्यांच्या हातात कलम दिलं, म्हणजे ते खोदायचं लोखंडी कलम. दिवा जवळ ओढून दिला.

"आणि कुकू इसरू नका," जिजी म्हणाली.

ती रोज दुपारी यायची. कधी मेथी, कधी शेंगा, कधी गहू. आबा म्हणायचे, हलू नकोस. ती म्हणायची, मंग भाजी कोन निवडी? आबा म्हणायचे, बोलू नकोस, तोंड हलतं. ती म्हणायची, तोंड बंद ठेवलं तर मी दिसणारच नाही तुम्हाला! एवढी वर्षं एकत्र राहून त्यांना कधी इतकं बोलताना मी बघितलं नव्हतं. आबा तिच्या अगदी जवळ जाऊन, मान तिरकी करून तिचा चेहरा तुकड्यातुकड्यानं बघायचे. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा. बघितलं की लगेच पत्र्यावर वाकायचे, विसरायच्या आत. जिजी तेवढ्यापुरती मेथी निवडायची थांबायची. संगीता काच कापायचं काम त्या वेळात ठेवतच नव्हती, आवाज नको म्हणून.

एक दिवस आबा म्हणाले, "झालं. काढ ठसा."

मी पत्र्यावर शाई चोळली. चिंधीनं वरची पुसली. ओलसर कागद ठेवला, प्रेसचं चाक फिरवलं आणि कागद हळूच सोलून घेतला. जिजी होती. सुरकुती न् सुरकुती जिजी. कुंकू काळंभोर, गोल. बोलता बोलता थांबल्यासारखे ओठ. आबांनी आजवर केलेल्या कामात इतकं जिवंत काम मी बघितलं नव्हतं.

आणि पदर उजव्या खांद्यावर होता. चमकी उजव्या नाकपुडीत.

आजवर प्रत्येक वेळी फोटो होता, फोटोवरून ट्रेसिंग होतं, ट्रेसिंग पालथं करायचं होतं. या वेळी फोटोच नव्हता. आबांनी समोर बघितलं आणि जे दिसलं ते तसंच सरळ खोदलं.

संगीतानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आता दुसरा पत्रा होणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबांना कागद नीट दिसत नव्हता. ते आमच्या तोंडाकडे चेहरा करून उभे होते.

"कशी आली?" त्यांनी विचारलं.

मी "चांगली" म्हणालो, पण आबांना माझा आवाज ओळखता येतो. आबांचा चेहरा बदलायला लागला. "कशी आली, अशोक? काय झालं?"

तेव्हा जिजी उठली. मेथीचे हात लुगड्याला पुसले. माझ्या हातातून ठसा घेतला, दारापर्यंत गेली आणि उजेडात धरून बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. एकदा तिचा हात आपल्या डाव्या खांद्यावरच्या पदराकडे गेला आणि परत खाली आला. मग ती आबांकडे वळली आणि म्हणाली,

"रोज आरसामा दिखस, तशीच शे."